सवडीनं

शांतवन मास्तरांच्या वहीत इटालियन शब्द,
शिसपेन्सिलीत, देवनागरीत.
लक्ष्मीपुरीत बँड कंपनीच्या माडीवर
गणवेशांना डांबरगोळ्यांचा वास,
आणि मी, सोळा वर्षांचा, क्लॅरिनेटची पत्ती ओली करत
विचारायचो : हे सगळे हळूच ना? मग एवढे कशाला?

"हळू एकच असतं व्हय रे?
लार्गो म्हंजे रुंद. मे महिन्यात दुपारचा रंकाळा बघ,
पाणी कुठं जात न्हाई, तरी पसरतंय.
लेंतो, काहिलीतला रस. घाईनं उतरवलास
तर गूळ न्हाई, काकवी.
ग्रावे जड. त्याला ओझं उचललेला माणूस लागतो.
अडाजिओ... सवडीनं."

एवढं ऐकून आम्ही जिना उतरायचो
आणि वरातीत तुफान वाजवायचो.
दहाच्या आत मंडप, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी,
नवऱ्याचा मेहुणा नोटा हलवत : "वाढवा! वाढवा!"
बत्तीस हंगामांत एकदाही कुणी
अडाजिओची सुपारी दिली नाही.

अंदान्ते तेवढं त्यांनी वेगळं ठेवलं होतं.
"ते हळूत धरू नको. अंदान्ते म्हंजे चालत.
माणूस चालतोय तसं. बास."

आता उजवी बाजू गेली आहे त्यांची.
ओठ शिट्टीलाही जुळत नाहीत.
फिजिओच्या पोरीनं सांगितलंय, रोज गल्लीच्या टोकापर्यंत.
चर्चच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत
एकशे दहा पावलं, चाळीस मिनिटं.
मी मागे, माझा हात त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब.

काल मागून रिक्षा आली. हॉर्न. परत हॉर्न.
सरकायला जागा नव्हती,
एकीकडे गटार, एकीकडे कुणाच्या बांधकामाची वाळू.
ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं :
"मास्तर न्हवं? माझ्या लग्नात तुम्हीच की वो!
असलं पळवलंसा, बायकोची चप्पल चौकातच र्‍हायली!"
आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मी विचारलं, मास्तर, हे कशात बसतं?
लेंतो? का ग्रावे?
त्यांनी वॉकर उचलला. टेकवला.
अर्ध्या तोंडानं, अक्षर अक्षर सुटं करत :
"अं. दान्. ते."

डांबरावर रबराचा आवाज.
मग काही नाही.
मग पुन्हा.
हँडलवर हनुवटी टेकून रिक्षावाला बघत होता,
मागे दाटीवाटीनं बसलेली शाळेची पोरं गप्प.
त्यातलं एक पावलं मोजायला लागलं,
आणि मधेच, थांबून थांबून, चुकलं.