पासंग

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच अंधारतं.
त्या अंधारात ऐवारने फळ्यावर दोन आकडे लिहिले:
जावा एकेचाळीस. पायथॉन तीनशे बारा.
मिलिसेकंद लिहायलाही थांबला नाही.
‘तुमचं आमच्या पासंगालाही पुरत नाही,’ म्हणाला,
आणि कालेव्हीने कॉफीचा कप असा आदळला
की चमचा टेबलाखाली गेला.

क्वेरी एकच. ग्रंथालयाची:
कोणी कोणतं पुस्तक अजून परत केलेलं नाही.
चाळीस हजार ओळी. त्यात एक माझी.

वाइके चष्मा पुसत उठली.
तिचा बाप बाजारात वजनंमापं तपासायचा,
चर्चलाही जायचा तो खिशात पितळी अर्धा किलो घेऊन.
‘माल राहू दे,’ ती म्हणाली. ‘आधी रिकामी पारडी दाखवा.’

म्हणजे अशी क्वेरी, जी काहीच मागत नाही,
नुसता एकचा आकडा.
ऐवारचा एक मिलिसेकंदात आला.
कालेव्हीचा एकशे चौऱ्याऐंशी:
त्याचा प्रोग्रॅम दर वेळी नव्याने दार वाजवत होता,
नाव सांगत होता, पासवर्ड देत होता.
ऐवारचं दार सकाळपासून उघडंच.

कालेव्ही हसला. जरा लवकरच हसला,
पण पुढची पाळी खरोखर ऐवारची होती.
पहिल्या शंभर ओळी हातात पडताच
त्याचं घड्याळ थांबत होतं;
उरलेल्या अजून वाटेवरच.
कालेव्हीने सगळ्या घरात आणून,
मोजून, रचून मग थांबवलं होतं.

‘हं,’ एवढंच वाइके.

पहिली खेप तिने दोघांचीही ओतून दिली,
बंद घराच्या नळाचं पहिलं पाणी ओततात तशी.
मग तीस खेपा. सरासरी घेतली नाही;
मधला आकडा घेतला,
आणि सगळ्यात वाईट आकडा त्याच्याशेजारी,
लपवायचा नाही म्हणून.

एकशे अठरा. एकशे सव्वीस.

आठाचा फरक. त्यावर भांडायला
दोघांपैकी कोणालाच सुचेना.
दोन्हींतले सत्त्याण्णव डेटाबेसचेच होते,
टेबल पहिल्या पानापासून चाळण्याचे.
‘इथे इंडेक्स नाही का?’
वाइकेने विचारलं. कोणाकडे न बघता.

सप्टेंबरात लावायचा होता. मी.

ऐवारने बाहीने फळा पुसला,
तीनशे बारातला दोन तसाच राहिला.
मी टेबलाखाली वाकलो,
चमचा शोधायला,
आणि लागत होता त्याहून थोडा जास्तच वेळ
तिथे राहिलो.