लेबलं गेल्यावर

पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी होतं त्या रात्री
भांडीबाजारात मोईझभाईंच्या दुकानाची
खालची फळी बुडाली.
चौथ्या दिवशी शटर उचललं तेव्हा
डबे जागच्या जागी, लेबलं तेवढी गेलेली,
आणि डिंकाच्या डब्यात नुसता चिखल.
"पहिली परीक्षा गोदावरीनंच घेतली," ते म्हणाले,
"विरघळला तो डिंक. उरली ती राळ."

मी जुन्या पटांवरचं काळवंडलेलं रोगण उतरवणारी बाई,
कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन गेले.
सहा डबे. सहाही पिवळे.

तळहातावर चोळला तो चिकटला,
चिडाच्या ओल्या फळीचा वास सोडून. बेर्जा.
स्पिरिटमध्ये गढूळ राहिली
ती टर्पेंटाइनमध्ये रात्रभरात निवळली. पांढरी राळ.
लाखेसाठी पतपेढीच्या पगारबाईंनी
खोट्या नोटा पकडायचा दिवा दिला.
दार लोटून अंधार केला,
तर पापड्या नारिंगी उजळल्या.
"खरी आहे हो," पगारबाई सवयीनं बोलून गेल्या.

पुढचे दोन डबे मात्र जुळे,
तेच बोराच्या बीएवढे थेंब, तीच धुरकट साय.
मोईझभाई एक दाणा तोंडाशी नेता नेता थांबले.
"अब्बा दाढेखाली धरून सांगायचे. मीही सांगायचो.
आता दात माझे नाहीत.
साक्ष चालायची नाही."

मग मी चावले.
एक करकरला, पीठ झाला, जरासा कडू. चंद्रस.
दुसरा मऊ पडत गेला, दाढेच्या खाचेत रुतून बसला.
रूमी मस्तकी. संध्याकाळपर्यंत
जीभ तिथंच जात राहिली.

सहावा कशातच बसेना.
अर्धा विरघळे, अर्धा तळाशी.
जळताना आधी गोड, मग केस जळल्यासारखा,
मग बंद गाभाऱ्यासारखा.
मोईझभाईंनी नाकाशी धरला,
बराच वेळ धरूनच ठेवला.
"हा तर झाडलेला.
अब्बा वर्षातून एकदा फळ्यांखालची भुकटी
ह्याच डब्यात भरायचे. टांगे रंगवणारे न्यायचे,
स्वस्त पडायचा."

पाच लेबलं मी लिहिली.
सहाव्यासाठी कागद कापला,
पेन उघडंच राहिलं.

छटाकभर विकत घेतला.
पैसे घेताना त्यांनी भाव चंद्रसाचा लावला.
माझ्या कामाच्या टेबलाला एक हात दिलाय त्याचा.
तीन आठवडे झाले,
अजून वाळत नाही.
बोट टेकलं की ठसा उठतो.