एक इंच सात सूत

रुळांमधलं अंतर अडीच फूट.
मी सोळाव्या हिश्श्यात बांधतोय,
जुन्या हिशेबात रुपयाला आणा,
म्हणजे एक इंच सात सूत.
जिनिंगच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथवर होतो,
सूत या शब्दाचे दोन्ही अर्थ
केसांत घेऊन घरी यायचो.

बॉयलर फवारणीच्या पंपाचा, पितळी,
आतून अजून औषधाचा वास येतो.
धुराड्याला स्टोव्हचा बर्नर.
रिव्हेटी म्हणजे टाचण्यांची डोकी,
कापताना दहांतलं एक उडतं
आणि झाडता झाडता बायको म्हणते,
"घ्या, सापडली तुमची आगगाडी."

रेल्वेला पत्र लिहिलं होतं:
दारव्ह्याच्या लहान गाडीचं
जुनं इंजिन, त्याचा नकाशा मिळावा.
सात महिन्यांनी शिक्क्यासह उत्तर,
अभिलेख वाळवीमुळे नष्ट.

मग एक फोटो मिळाला,
पर्वताबाई कडूंच्या लग्नाचा.
वऱ्हाड नुकतंच उतरलेलं,
नवरदेवाच्या फेट्यामागं धुराडं,
करवलीच्या कानाशी वाफेचा घुमट,
आणि नेमका जिथं दट्ट्याचा दांडा
चाकाला भिडतो
तिथं नवरीचा शालू.
भिंग लावलं.
शालूची बुट्टी स्पष्ट दिसली.

पर्वताबाई आता ब्याऐंशीच्या.
विचारलं, तुमच्या मागं काय होतं?
"मले का ठाऊक बाप्पा,
मी तं खाली पायत होती.
पाठ भाजे, एवढं सांगतो."
वहीत लिहिलं: गरम. माप नाही.

मूर्तिजापुरात नूर महंमद भेटला,
जुना फायरमन, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
कागद ठेव म्हणाला.
अंगणात पाय रोवून उभा राहिला,
हवेतलं फावडं हवेतल्या कोळशात खुपसलं,
वळला, फेकलं, वळला.
दर खेपेला कोपर
एकाच उंचीवर येऊन थांबत होतं.
मी टेप काढला.
तीन फूट चार इंच, भागिले सोळा,
भट्टीचं दार अडीच इंचांवर.
कडी कशी होती?
त्यानं मनगट पुढं केलं.
पांढरा डाग, एका टोकाला वाकडा.
तोही मोजला.
हे एक माप भागायला
मला घरी येऊन दोन दिवस लागले.

"अन उजवी बाजू, चाचा?"
"तिकडं ड्रायव्हर बसे. तिकडचं त्याले ठाऊक."
ड्रायव्हर वारून वीस वर्षं झाली.
फलाट डावीकडं, लग्नं डावीकडं,
कॅमेरा डावीकडं.
उजवीकडं तुरी आणि पऱ्हाटी,
त्यांना कोण विचारणार.

शाळेच्या टेबलावर इंजिन ठेवलं
तेव्हा सगळी पोरं समोर दाटली.
एक मुलगी तेवढी वळसा घालून मागं गेली.
"इकडून नुसता पत्राच आहे."
"तिकडून कोणी पाहिलं नाही ना."
अंदाजानं नळ्या लावता आल्या असत्या,
हात शिवशिवले होते, खोटं कशाला बोलू.
गेजमध्ये बसत नाही ते मी कधी
पास केलं नाही, जिनिंगमध्येही.

नातवाला न्यायला सुदाम नेवारे आला होता,
काठी दाराला टेकवून
सरळ त्या कोऱ्या बाजूला उभा राहिला.
"इथं एक तोटी गळे," म्हणाला.
"गाडी थांबली का आमी टमरेल लावो.
पानी कोमट, तेलकट.
बकऱ्या पेत. आमी नाई."
"इथं म्हणजे नेमकं कुठं?"
त्यानं पत्र्यावर बोट ठेवलं.
नख काळं, जाड.
नखाभोवती मी पेन्सिल फिरवली.

रविवारी तिथं भोक पाडलं,
छत्रीच्या काडीची तोटी बसवली.
तोंड लावून फुंकून पाहिलं.
आरपार आहे.
बाकी पत्रा तसाच.