काट्यावर

शाहूपुरीत साताप्पा मापाड्याच्या काट्यावर
गुळाच्या रव्यांमधी माझी सॅक ठेवली.
"चौदा किलो दोनशे.
अर्धा रवा कमी कर, न्हायतर गवा हसंल तुला."

तिथंच पोतं अंथरून उपसत बसलो.
दुसरी पँट. काचेची लोणच्याची बरणी.
ब्रशची दांडी कापली,
नकाशाचे कोरे समाससुद्धा.
तंबू राहू दे, ताडपत्री पुरे;
स्टोव्ह कशाला, दशम्या तीन दिवस टिकतात.

दाजीपूरच्या रानात आता बंदूक चालत नाही.
झाडाला बांधायचे चार कॅमेरे आहेत,
आणि त्यांच्या बॅटऱ्या,
त्यातलं काही सोडवत नाही.

पणजा माझा, भैरू हाकारी,
शिकारीच्या तळावर जायचा याच वाटेनं,
डोक्यावर पाहुण्या साहेबाची घडीची खाट,
खाटेवर बर्फाची पेटी,
एका साली तर ग्रामोफोन.
त्याचं स्वतःचं सामान कमरेला :
चंची, विळा, फडक्यात मीठ.
ते कुणी तोललं नाही.

"नऊ आठशे. आता जा."
मी पट्टे आवळतोय तोवर
साताप्पानं रव्याचा एक खडा फोडून
वरच्या खिशात सारला.
"ह्यो धरू नगंस वजनात."