तीन किलोमीटर, सामानासह

मंगळवार पेठ ते नागाळा पार्क.
वर्कशॉपची पिकअप काढली.
मागं तिची निळी बॅग,
बॅगेला टेकून बुशिंगची पेटी, जाता जाता शिरोलीला टाकायची.
रेका पुढं बसली, मांडीवर कुंडी घेऊन.
कुंडीत मिरचीचं रोप. बी तिच्या बापानं हंगेरीहून पाठवलेलं.
त्यांच्या गावची मिरची लालभडक, पण गोडी.
शालन म्हणालेली, मग तिला मिरची कशाला म्हणायचं?
यावर दोघी चार महिने हसत होत्या.

वर्षाला तीन घरं, असा नियमच आहे.
क्लबाच्या मीटिंगला मी हात वर करून हो म्हटलेलं.
तेव्हा ती फॉर्मवरचा एक फोटो होती,
कपाळावर केस, खाली जन्मतारीख.

आदल्या रात्री शालननं
कांदा-लसूण चटणीची बरणी बॅगेत ठेवली,
जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.
मग काढली.
मगदुमांच्यात कांदा नाही, लसूण नाही,
जेवणं दिवस मावळायच्या आत.
परत ठेवली.
पहाटे पाणी प्यायला उठलो तर बरणी ओट्यावर
आणि शालन तिच्यापुढं उभी,
जणू काय ते बरणीनंच सांगायचं होतं.

आमचा सत्यजित ब्राझीलला.
त्यानंही गेल्या महिन्यात घर बदललं.
मेसेज एवढाच: आलो नव्या घरी. इथं कुत्रा आहे.
शालननं तो कितीदा वाचला ठाऊक नाही.
कुत्र्याचं नाव मात्र तिला अजून कळलेलं नाही.

दसरा चौकात सिग्नल लागला.
रेका म्हणाली, "काका, हळू चालवा की."
गाडी उभीच होती.

मगदूमवहिनी फाटकात उभ्या.
दारात रांगोळी, आणि रांगोळीत नाव: रेका.
क बरोबर. ख नाही.
आमच्या गल्लीनं पहिल्या दिवसापासून रेखा केलेलं,
घरात आम्हालाही सहा आठवडे लागले नीट म्हणायला.
बरं वाटलं. आणि थोडं टोचलंही, खोटं कशाला बोलू.

मग मी सांगत सुटलो,
मशीन पोचवल्यावर गिऱ्हाइकाला सांगतो तसं:
पंखा चारवर लागतो.
दुधावरची साय काढायची, नाहीतर पेला तसाच राहतो.
घरचा फोन येऊन गेला की तासभर बोलायचं नाही,
ती आपण होऊन येते, स्वयंपाकघरात,
काहीतरी निवडायला मागते. मेथी असली तर बरं.
वहिनी "हो, हो" म्हणत होत्या.
मगदूम चष्मा पुसत होते.
रेका माझ्याकडं बघत होती,
एवढं सगळं याला कधी कळलं, अशी.

परतताना शिरोलीची पेटी विसरलो.
घरी पोचल्यावर मागं दिसली.

आता संध्याकाळी सहाला शालन घड्याळ बघते.
"झालं असंल त्यांचं जेवण," म्हणते,
आणि आमचा कुकर लावते.

परवा शाहू स्टेडियमवर मॅच होती.
गर्दीत दिसली, आमच्या पेठेची जर्सी घालून,
शेजारी मगदुमांची पल्लवी,
पलीकडं मगदूम स्वतः, उन्हात रुमाल डोक्यावर,
कोण कुणीकडं मारतंय हे पल्लवीला विचारत.
रेकाला आता मराठीत ओरडता येतं.
रेफ्रीला काय म्हणाली ते इथं लिहीत नाही,
पण ते आमच्या गल्लीतलंच.

मध्यंतरात तिनं हाक मारली, "काका!"
मी वळलो. मगदूमही वळले.
दोन पायऱ्या खाली बसलेला एक शेंगावालाही वळला.
तिला पाणी हवं होतं.
बाटली आम्हा दोघांच्याही हातात होती.