ट्रॅक्टरला बसायला

ट्रॉली हवी म्हटलं की
सगळे ट्रॅक्टरमागची दाखवतात.
रेती भरा, विटा भरा, गणपती न्या.
मी सांगते, तसली नको,
ट्रॅक्टरच जिच्यावर चढेल अशी हवी.
मग समोरचा माझ्याकडे बघतो,
बैलालाच गाडीत बसवायला निघालेल्या बाईकडे बघावं तसा.

बारीक आहे हो माझा. अठरा हॉर्सपॉवर.
वजन सातशे ऐंशी, रोटाव्हेटर दीडशे,
रोलर लावला तर हिशेब वेगळा.
उलव्याला क्रिकेटची पिचं दाबतो,
घणसोलीला सोसायटीची बाग उकरतो,
मे संपायच्या आत वहाळची उरलेली चार शेतं.
मधल्या हायवेवर वेग सायकलचा,
आणि उरण फाट्यावरच्या हवालदाराला
तो लांबूनच ओळखू येतो.

दोन वर्षं टेम्पो केला. खेपेला अडीच हजार,
वर चढवायला बांध शोधायचा.
बांध, नवी मुंबईत!
शेवटी नाल्याच्या कडेला, कुठल्याशा उंचवट्याला
टेम्पोची पाठ लावायची, जीव मुठीत धरायचा.
एकदा मागचं चाक हवेतच राहिलं.
त्या रात्री ठरवलं.

तळोज्यात नवी बघितली. निळी, चकचकीत,
एक लाख पंच्याऐंशी.
"हप्ते बसतील ताई."
हप्ते बसतील, मी कुठे बसू?
भिवंडीतली जुनी साठ हजाराला,
रंगाखाली वेल्डिंगचे फोड,
हात फिरवला तर देवीचे व्रण लागावेत तसे.
रंग अजून ओला होता. बोटं पुसत निघून आले.

तिसरी दिवाळ्याला, जेट्टीच्या मागे,
फाटक्या जाळ्यांखाली.
होडी ओढायची. होडी करंजाला विकली गेली,
ही राहिली.
चांगुणाबाई म्हणाली, "भंगारवाला अडतीस देतो,
तू चाळीस दे. पन आस बदलून घे,
खाऱ्या पाण्यानं खाल्लाय त्याला."
विकणारीनंच दोष सांगितल्यावर
मी घासाघीस करायची विसरले.

इस्माइल मुकादमांनी शेडमध्ये हातोडी घेतली,
डॉक्टर पाठ वाजवतात तशी
एकेक पट्टी वाजवली.
टण् झालं की पुढे.
थप् झालं की खडूची फुली.
तीन फुल्या.
नवा आस अठरा, रॅम्प सहा.
"आणि ब्रेक सात."
मी म्हटलं, ब्रेक राहू द्या, पिकअपला आहेत की.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चढ कोणीही चढतं, बाई.
पारसिकच्या उतारावर कळतं
कोण कोणाला नेतंय."

एकाहत्तर. दोनदा बेरीज केली.
मधली खोबण, जिथं होडीचा कणा टेकायचा,
ती कापायचे वेगळे पैसे होते,
म्हणून तशीच ठेवली.

चढवला. खडूच्या रेघेवर पुढचं चाक.
वीतभर मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवतो,
वीतभर पुढे तर पिकअपची मान वाकते.
चार साखळ्या. चारहींना लोंबकळून बघितलं.
शेडबाहेरच्या उतारावर मुद्दाम एकदा दाबला ब्रेक.
मागून ढकललं नाही कोणी.
मुकादम दुसरीकडे बघत होते, म्हणजे बघत होते.

आज पहिल्यांदा तो काही न ओढता चालला होता.
आरशात त्याचं तोंड, जरा अवघडलेलं,
पाहुण्याच्या गादीवर बसवलेल्या गड्यासारखं.

सीवूड्सच्या सिग्नलला लाल लागला.
फुटपाथवरचं मांजर उठलं,
हुंगत हुंगत ट्रेलरखाली शिरलं,
खोबणीच्या बरोबर खाली
शेपटी उभी करून थांबलं.
हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला, मग सगळ्यांनीच.
मी खाली उतरले, वाकले, म्हटलं,
बये, आता ट्रॅक्टर आहे त्यात.
तिला पटलं नाही.