छत्तीस तारा

हैदराबादहून हबांचं खोकं आलं, त्याच्या तळाला हा कागद होता.
एकसष्ट साल. गफूर मिस्त्रीनं ग्रीस पुसलं
आणि पंक्चरच्या सोल्युशननं दुकानाच्या फळीवर चिकटवला.

चित्रात लाकडी उतार, परातीच्या काठासारखा वर चढलेला,
त्यावर माणसंच माणसं, हॅटवाली,
आणि मधे दोन सायकली.
ब्रेक नाही. घंटी नाही. मडगार्डसुद्धा नाही.
"दोघं थांबलेत," मिस्त्री म्हणाला.
फोटोत सगळंच थांबतं की, आम्ही हसलो.
त्यानं पेचकसाचं टोक चाकावर ठेवलं :
"ताराँ गिनो. चाक फिरतं असतं तर दिसल्या असत्या का?"
छत्तीस भरल्या. आपल्या पुढच्या चाकाला बत्तीस.
"और ये देखो." गर्दीत एक हात, धुरकट, वर उचललेला.
हात हलत होता, चाक नाही.

औरादकर सरांनी चष्मा पुसून पाहिलं :
अक्षरं इंग्रजीची, भाषा भलतीच.
जगाची शर्यत आहे, एवढं मात्र नक्की.
निकाल असावा तिथं कागद फाटलेला.

मग अकरा वर्षं भांडण.
बसलिंग म्हणायचा पट्टेवाला जिंकला, रज्जाक म्हणायचा काळ्या बनियनवाला.
पुढं जाईल तो वारा कापणार, मागचा फुकटात येणार,
म्हणून कुणी पुढं जाईना,
हे मिस्त्रीनं समजावलं तेव्हा माझा जन्मही नव्हता,
तरी मला ते पाठ आहे.

बहात्तरला उदगीरच्या कडेचा आमचा तलाव आटला.
दिवसभर खडी फोडून माणसं यायची
आणि मिस्त्री त्यांना तळात उतरवून काठ धुम्मस करायला लावायचा.
शिंपले वेचले. भेगा भरल्या.
दोन सायकलींची फ्री-व्हील वेल्डिंगनं जाम केली,
पाय थांबला की चाक थांबणार.
मी आठ वर्षांचा. माझ्याकडं तीन चिंचोके, तीन फेऱ्या,
आणि शेवटच्या फेरीला बडवायला शाळेचा रूळ.

दुसऱ्या फेरीत, बाभळीच्या अंगाला, चढावर,
बसलिंग थांबला.
रज्जाक दीड हात खाली, तोही थांबला.
पुढची चाकं तिरकी. मांड्या थरथरतात.
घाम नाकावरून एकाच जागी पडतो,
धुळीत खळगा पडत चाललाय.
"अबे, पळवा की!" कुणीतरी ओरडलं.
मिस्त्री ओठावर बोट ठेवून उभा, नमाजात असल्यासारखा.

तेवढ्यात सुकडीच्या गाडीचा हॉर्न.

कुणी कुणाला थांबा म्हटलं नाही. ताटल्या, डबे, पोरं काखेत,
सगळा काठ बघता बघता रिकामा.
मिस्त्रीच्या घरी सात तोंडं.
तोही गेला, पण उलटा चालत,
तोंड शर्यतीकडं ठेवून, दोनदा पडला.

राहिलो आम्ही तिघं.
रांगेतून महादेवीनं, बसलिंगच्या बायकोनं,
पातेलं वर करून हात हलवला. हाक आली नाही. वारा उलटा होता.
बसलिंगची मान वळली. एवढीशी.
मागे टायर खरखरला आणि रज्जाक सुटला.

रूळ मी बडवला, पण ऐकायला कुणी नव्हतं.
रज्जाक दोन सायकली पुढं आला.
संध्याकाळी दुकानात बसलिंग म्हणाला,
"हे इथलं झालं. तिथलं काय?"
आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू.
हात हललेला मी पाहिला होता. बोललो नाही.
सुकडी गरम होती त्या दिवशी, मी दोनदा घेतली.

पुढच्या पावसात तलाव भरला.
फळी आता माझ्या दुकानात आहे.
बोटांच्या तेलानं दोघांची तोंडं गेली, बनियनही आता सारखेच दिसतात.
गिऱ्हाईक विचारतं, हे कोण.
मी हवा भरता भरता मागच्या गर्दीत बघतो,
तिसऱ्या रांगेत, खांबाच्या डाव्या बाजूला.
बाईचा असावा. बाही सैल आहे.